मौनाचं उद्यापन

“मौनात असलेल्या माणसाला बोलतं करायचं नाही, पद्मे. आणि तो आपणहून बोलायला आला, तर त्याला थांबवायचं. नेम त्याचा मोडतो, पण दोष ऐकणाऱ्याला लागतो.”

हे सांगणं औदुंबरच्या आत्याबाईंचं. त्या जाऊन कितीतरी वर्षं लोटली, पण चातुर्मास जवळ आला की पद्मजाबाईंना तो आवाज तसाच ऐकू येई. जरासा घोगरा, सुपातल्या तांदळात बोटं फिरवता फिरवता आलेला. आत्याबाई दर वर्षी चार महिने बोलत नसत. लहानगी पद्मा ओठांवर बोट ठेवून त्यांच्या अवतीभवती फिरायची. तिला वाटायचं, या घरात देव मुक्कामाला आलाय, म्हणून सगळे हळू चालतात.

त्यामुळे आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी हेमंतराव देवघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “यंदा मी मौन धरतो, कार्तिकीपर्यंत,” तेव्हा पद्मजाबाईंच्या हातातली वात निरांजनात पडायची ती ताम्हनात पडली.

हेमंतराव गिजरे आणि मौन. कराडात कुणाला सांगितलं असतं तर आधी हसूच आलं असतं. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठल्या गाडीला उशीर आहे, कुणाचं पोर चुकून कंट्रोलच्या खिडकीशी येऊन रडतंय, हे सगळं गावाने त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. आवाज असा, की धावपळीतला माणूससुद्धा क्षणभर थांबून ऐकेल. ते निवृत्त झाले तेव्हा गाड्या विजेवर धावायला लागल्या होत्या आणि घोषणाही यंत्रच करणार होतं. पण त्या यंत्राला आवाज हवा होता. तो हेमंतरावांचा घेतला. त्यामुळे साहेब घरी बसले तरी स्टँड अजून त्यांच्याच आवाजात बोलत असे.

देवाशी त्यांचं भांडण नव्हतं, पण फारशी ओळखही नव्हती. पद्मजाबाईंचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या, सकाळचा जप, संध्याकाळचं विष्णुसहस्रनाम हे सगळं ते आदराने दुरून बघत. “तुझी गाडी वेळेवर सुटते, माझी तेवढीच काळजी मिटली,” असं म्हणत. मात्र एका गोष्टीत ते कडक होते. पारण्याच्या दिवशी तिच्या पानात वाढलेलं दिसल्याशिवाय ते पहिला घास घेत नसत.

त्यामागे जुनं दुःख होतं. सानिका लहान असताना तिला विषमज्वर झाला, तेव्हा पद्मजाबाईंनी अन्न सोडलं. पोर उठून बसेपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही, असं दत्ताला सांगितलं. पोर उठून बसली. पण त्या वेळी पद्मजाबाईंना पाचवा महिना होता, आणि ते दुसरं बाळ राहिलं नाही. नेमकं कारण सांगता येत नाही, असंच डॉक्टर म्हणाले होते. हेमंतराव त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. फक्त त्या दिवसापासून ते तिच्या पानाकडे बघू लागले.

असा माणूस मौन धरतो म्हणाला. पद्मजाबाईंनी देवाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्यांना विचारायचं होतं, हे एकाएकी कसं काय सुचलं. पण चांगल्या कामात कसं आणि का विचारू नये. त्यांनी ताम्हनातली वात उचलली आणि त्यांच्या कपाळाला गंध लावलं.

इस्माईलभाई मुल्ला दुसऱ्या दिवशी चहाला आले. ते निवृत्त ड्रायव्हर. हेमंतरावांची आणि त्यांची दोस्ती एका जुन्या कोल्हापूर गाडीपासूनची. हेमंतराव नुसते हसून खुणेने बसा म्हणाले, तेव्हा त्यांनी आधी घसा बसलाय का विचारलं, आणि खरं कळल्यावर कपाळाला हात लावला.

“वहिनी, याचं तोंड बंद म्हणजे डेपो बंद. चार महिने? याला झोपेत बोलायला तरी परवानगी आहे ना?”

हेमंतराव इतके मनापासून हसले, की त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. ते पद्मजाबाईंना फार दिवस आठवत राहिलं.

*

साठी उलटलेल्यांची मेंदूची तपासणी आता सरकारी दवाखान्यातच होत असे, जशी आपण रक्तातली साखर बघतो तशी. हे दोघं वैशाखात जाऊन आले होते. निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा, असा कायदा होता. नवऱ्याचा बायकोला नाही, आईचा मुलांना नाही. ज्याला ऐकायचाच नसेल त्याला न ऐकण्याची मुभा. पद्मजाबाईंना तिथल्या गोड डॉक्टरीणबाईंनी सगळं छान आहे म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी हेमंतरावांना विचारलं, तर ते म्हणाले, “माझी गाडी जुनी आहे, पण चालतेय.” त्यावर दोघांनी रसवंतीत बसून उसाचा रस घेतला आणि तो विषय तिथेच राहिला.

त्याच्या आधीपासून हेमंतराव कधीकधी शब्दाला अडत, हे खरं. “ते दे गं, ते... चहा गाळायचं,” असं म्हणत. किल्लीला “उघडायचं ते” म्हणत. पद्मजाबाई मनात म्हणायच्या, जन्मभर इतकं बोलून झालं, आता शब्द दमले असतील.

मौन सुरू झालं आणि घर बदललं. पद्मजाबाईंना ते बदललेलं घर आवडलं, हे कबूल करायला हवं. सकाळी त्या जप करत तेव्हा हेमंतराव शेजारी येऊन बसत. आठवड्याआड एखाद्या दुपारी ते एकटेच बाहेर जात. घाटावर जाऊन शांत बसत असतील, असं त्यांनी धरलं. शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या, “काकू, तुमच्या इतक्या वर्षांच्या उपासांना फळ आलं बघा.” पद्मजाबाई नको नको म्हणाल्या, पण रात्री उशीवर डोकं टेकताना ते वाक्य त्यांनी मनात पुन्हा एकदा ऐकलं. बंगळूरहून सानिका फोनवर दिसे आणि चिडे. बाबांना बघून काय करू, मला त्यांचं ऐकायचंय, म्हणे. हेमंतराव पडद्यावरच्या लेकीच्या गालावरून बोट फिरवत. पद्मजाबाई तिला समजावत, की थोडी कळ काढ, बाबा मोठं काम करतायत.

मग ऋषिपंचमी आली. पद्मजाबाई स्वयंपाकघरात पाट मांडून ऋषीची भाजी निवडत होत्या. अळू, चवळी, माठ, सगळ्या पानांचा हिरवा वास हातांना लागलेला. हेमंतराव आत आले, खाली त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. असे ते कधी बसत नसत. थोडा वेळ ते देठांच्या ढिगाकडे बघत राहिले. मग म्हणाले,

“पद्मा, मला तुला एक...”

इतके दिवस पाळलेलं, इतकं जपलेलं. पद्मजाबाईंनी विचार केलाच नाही. हातातली जुडी टाकली आणि तो हिरवा, ओला हात तसाच त्यांच्या तोंडावर धरला.

“नको. बोलू नका. निम्मे दिवस होत आले हो. माझ्यासाठी तरी मोडू नका.”

हेमंतरावांनी त्यांचं मनगट धरलं. हात बाजूला सारतील असं वाटलं, पण सारला नाही. तसाच तोंडावर धरून ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. पद्मजाबाईंना वाटलं, केवढी ही भक्ती. मग हेमंतरावांनी हात सोडला, उठले, माठातलं पाणी प्याले आणि बाहेर जाऊन बसले. पुन्हा बोलायला ते कधी आले नाहीत.

*

मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा देतात. पद्मजाबाईंनी कासाराकडून बारीक नाद असलेली घंटा आणली आणि कार्तिकी द्वादशीला नदीकाठच्या दत्ताच्या देवळात बांधली. घरी गुरुजी आले. कुंदाताई आल्या. इस्माईलभाई डोक्यावर टोपी घालून, खजुराचा पुडा घेऊन आले. सानिकाला फोनमधून समोर उभं केलं. पानं मांडली होती, पुरणाचा वास घरभर होता. गुरुजींनी हेमंतरावांच्या हातावर पाणी सोडलं आणि पहिला शब्द देवाचा म्हणा, असं सांगितलं.

“नारायण,” हेमंतराव म्हणाले. स्वच्छ, भरदार, अगदी त्यांचाच आवाज.

कुंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला. सानिका तिकडून म्हणाली, “बाबा, आता माझ्याशी बोला. काहीही बोला.”

हेमंतरावांनी फोनकडे बघितलं. हसले. “बाळ, तू... तू तिकडे ते... ते करतेस ना, ते... मी... ते सगळं...” ते थांबले. हाताने काहीतरी गोल दाखवलं. “आपलं ते... ते रे... लाडू. लाडू नाही. ते...”

कुणीतरी हसलं. इस्माईलभाई म्हणाले, “असू दे, असू दे. गाडी चार महिने शेडला उभी होती. स्टार्टर मारायला वेळ लागायचाच.” मग सगळेच हसले, हेमंतरावही. पण ते पुन्हा बोलायला लागले आणि पुन्हा ‘ते’वर अडकले. एकदा, मग अजून एकदा. सगळ्यांत आधी इस्माईलभाईंचं हसू थांबलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मित्राकडे टक लावून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंतराव पिशवी खांद्याला लावून दारात उभे. पद्मजाबाईंना वाटलं, देवळात जायचं असेल. पण देवळाच्या वळणाला ते वळले नाहीत. त्यांनी तिचा हात धरला होता, भर रस्त्यात, आणि तो त्यांनी सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत सोडला नाही.

वैशाखातल्या त्याच डॉक्टर शर्वरी भोईटे यांनी दोघांना बसवलं. हेमंतरावांकडे बघून विचारलं, “सांगू ना काकूंना?” त्यांनी मान हलवली.

पडद्यावर मेंदूची दोन चित्रं शेजारी शेजारी आली. राखाडी रंगात मेंदू आणि त्यात डाव्या कानाच्या वरच्या बाजूला तांबडा-केशरी डाग. जुन्या चित्रात लहान, नव्या चित्रात पसरलेला.

डॉक्टर सांगू लागल्या. मेंदूच्या पेशींत टाऊ नावाचं एक प्रथिन असतं. निरोगी पेशीत ते खांबासारखं आधार देतं. अल्झायमरमध्ये ते बिघडतं, त्याच्या गाठी होतात आणि पेशी हळूहळू मरते. शिरेतून एक औषध सोडतात, ते नेमकं त्या गाठींनाच जाऊन चिकटतं, आणि यंत्र त्याचा फोटो काढतं. पूर्वी माणूस विसरायला लागल्यावर हे बघत. आता घरच्यांना काही कळायच्या कितीतरी आधी दिसतं.

“आणि दुसरी गोष्ट, काकू. हा आजार मेंदूत कुठेही सांडल्यासारखा पसरत नाही. काकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. तो एसटीसारखा जातो. ज्या स्टँडवरून ज्या स्टँडला रस्ता आहे, तिथेच पुढे जातो. म्हणून सुरुवात कुठे झाली ते दिसलं, की पुढचं गाव कुठलं ते या यंत्राला सांगता येतं. कुणाची आधी आठवण जाते, कुणाला रस्ता सापडेनासा होतो. काकांचा शब्दांच्या स्टँडवर सुरू झालाय. त्यांना सगळं समजतं. तुम्ही कोण, सानिका कोण, आज काय वार. वस्तू समोर दिसते, तिचा अर्थ कळतो, पण तिचं नाव हाताला लागत नाही. लिहितानाही तेच.”

पद्मजाबाईंनी विचारलं, हे यांना कधी सांगितलंत.

“वैशाखात. त्यांनी घरी सांगायचं नाही म्हणून बजावलं. मी म्हटलं का, तर म्हणाले, तिला कळलं की ती अन्न सोडेल.” डॉक्टरांनी हेमंतरावांकडे बघितलं. “सलाईनमधून द्यायच्या औषधाची एकही बाटली त्यांनी चुकवली नाही. आठवड्याआड येत होते. त्या औषधाने वेग कमी होतो. पण त्याच्याबरोबर मी एक काम सांगितलं होतं. बोला. जितकं बोलता येईल तितकं बोला. गोष्टी सांगा, भांडा, फोन करा. मोठा रस्ता बंद झाला तर मेंदू पायवाट शोधतो, पण पायवाट पडायला माणूस चालावा लागतो. आणि नंतर कळलं, की त्यांनी मौन धरलंय. मला वाटलं, शब्द अडलेले तुम्हाला कळू नयेत म्हणून. मी रागावले. ते नुसते हसले.”

या घरात न बोलणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही, हे हेमंतरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी लपायला बायकोचाच देव निवडला होता.

पद्मजाबाईंनी पडद्यावरच्या मोठ्या डागावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, “ऋषिपंचमीला ते बोलायला आले होते. मी त्यांचं तोंड धरलं.”

डॉक्टरांनी पडदा बंद केला.

“मी धरलं नसतं तर? त्या दिवसापासून बोलत राहिले असते तर?”

“आजार तुमच्यामुळे आला नाही, काकू. तो थांबलाही नसता.” डॉक्टर शर्वरींना खोटं बोलता आलं असतं, पण त्या बोलल्या नाहीत. “काही महिने मिळाले असते. कदाचित.”

*

घरी जाताना वाटेत स्टँड लागलं. फाटकाशी आले आणि वरच्या भोंग्यातून आवाज आला, “प्रवाशांनी लक्ष द्यावं. उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे मार्गे साताऱ्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे.”

हेमंतराव थांबले. मान वर करून ऐकू लागले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे. आवाजसुद्धा आला, भोंग्याच्या मागोमाग, न अडखळता. पद्मजाबाईंना वाटलं, यांना बोलता येतंय, म्हणजे येतंय. त्यांनी घाईने विचारलं, “अहो, त्या दिवशी काय सांगायचं होतं? ऋषिपंचमीला. भाजी निवडत होते मी. काय सांगायचं होतं?”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर सगळं होतं. त्यांना तो दिवस आठवत होता, ते वाक्यही आठवत होतं, हे तिला स्वच्छ दिसलं. ओठ हलले. “ते... पद्मा, ते... तू ते...” त्यांनी डोळे मिटून घेतले. वरून त्यांच्याच आवाजात कोल्हापूरची गाडी लागली. वाठार, कासेगाव, नेर्ले, पेठनाका.

पाठ झालेलं येतं, जुळवून बोलायचं ते येत नाही, हे डॉक्टरांनी नंतर फोनवर समजावलं. पद्मजाबाईंना ते समजलं. पण त्या एका वाक्यासाठी त्यांचा जीव तुटायला लागला. दुसरं काही नको, आजार बरा कर असंही म्हणायचं धाडस नाही. ते एक वाक्य मला ऐकव. दत्ताला त्यांनी एवढंच मागितलं. आणि मागायचं तर काही सोडायला हवं, एवढी एकच रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी धारणं-पारणं धरलं. एक दिवस जेवायचं, एक दिवस नुसतं पाणी.

सानिका येऊन आठ-पंधरा दिवस राहून गेली. आईवर ओरडली, रडली, बाबांशी तासन् तास बोलत बसली. जाताना म्हणाली, “आई, त्यांना काय झालंय हे यंत्राने सांगितलं. तुला काय होतंय ते कोण सांगणार?” पद्मजाबाई तिच्या डब्यात चकल्या भरत राहिल्या. इस्माईलभाई रोज सकाळी येत आणि हेमंतरावांना गप्पा मारायला लावत. एक शब्द अडला की दोन चुकीचे सांगत, म्हणजे मित्र चिडून बरोबर बोलेल. कधी बोलायचा, कधी नाही.

पाणी पिऊन काढायच्या दिवशी पद्मजाबाई हेमंतरावांना एकट्यांना वाढत. ते त्यांच्या रिकाम्या पाटाकडे बोट करत. “माझं आज आहे,” त्या म्हणत. ते हात आवरून बसत. मग त्या समजूत घालत, औषध घ्यायचंय, जेवा. आणि ते लहान मुलासारखे, खाली मान घालून, जेवत. त्यांच्या मनात काय चाललं असेल, हे पद्मजाबाईंनी स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्यांचं सगळं लक्ष त्या वाक्याकडे लागलं होतं.

*

मार्गशीर्षातली एकादशी आली. आदल्या दिवशीचं धारणं होतंच, त्यावर ही एकादशी, म्हणजे सलग दुसरा दिवस. त्याच दिवशी औषधाची बाटली लावायची होती. दवाखान्यातल्या त्या खोलीत खिडकीला हिरवे पडदे होते आणि चारपाच जण आपापल्या खुर्च्यांत रेलून हाताला सुई घेऊन बसलेले. हेमंतरावांसाठी पद्मजाबाईंनी डबा आणला होता. भाकरी, वांग्याची भाजी, दही. डबा उघडून त्यांच्यासमोरच्या फळीवर ठेवायला त्या उठल्या आणि खोली फिरली. पडदे वर गेले, फरशी जवळ आली.

शुद्ध आली तेव्हा सिस्टर त्यांच्या ओठाला साखरेचं पाणी लावत होत्या आणि कधीपासून खाल्लं नाही विचारत होत्या. पद्मजाबाईंनी मान वळवली. हेमंतराव खुर्चीतून अर्धे उठले होते. सुईचा हात ताणलेला, बाटलीची नळी ताठ ओढलेली. चेहरा असा, की पद्मजाबाईंनी तो एकदाच पाहिला होता, फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका दवाखान्यात, जेव्हा बाळ नाही म्हणून सांगितलं होतं.

सिस्टरनी पद्मजाबाईंना त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. हेमंतरावांनी मोकळ्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला. एका हाताने मोडता येईना, तर फळीवर दाबून मोडला. भाजीला लावला आणि पद्मजाबाईंच्या तोंडाशी आणला.

“आज एकादशी आहे हो,” त्या पुटपुटल्या.

त्यांचा हात खाली गेला नाही. भाजीचा रस मनगटावर ओघळला. ओठ हलू लागले. पद्मजाबाईंना दिसत होतं, ते कुठूनतरी खोलातून काहीतरी ओढून आणतायत, अर्ध्यात सुटतंय, पुन्हा खाली जातायत.

“जेव,” ते म्हणाले.

मग पुन्हा, जरा चिडून, जसे ते कधीच चिडत नसत, “जेव. जेव, पद्मा.”

पद्मजाबाईंनी तोंड उघडलं. लहानपणापासून एकादशीला जिभेला न लागलेली भाकरी त्यांनी चावली. मग गिळली. हेमंतरावांनी दुसरा तुकडा मोडला.

“हेच सांगायचं होतं का?” त्यांनी विचारलं. “त्या दिवशी. हेच ना?”

हेमंतरावांनी मान हलवली. पण अलीकडे ते सगळ्याच प्रश्नांना मान हलवत. चहा हवा का, हो. झोपायचं का, हो. बाहेर ऊन आहे का, त्यालाही हो. पद्मजाबाई त्यांच्या डोळ्यांत शोधत राहिल्या. ते हेच असेल. किंवा नसेलही. किंवा यापुढे अजून काही असेल, इतकं मोठं किंवा इतकं लहान, की त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नाही आणि आता कधी होणार नाही. हे ओझं आपल्याला उचलायचंय, हे त्यांना तिथे, त्या हिरव्या पडद्यांखाली कळलं. दत्ताने ऐकलं नाही, असं त्यांना वाटलं नाही. त्याने ऐकलं, पण त्यांनी जे मागितलं होतं ते त्याच्याकडेही नव्हतं. जेवढा शब्द शिल्लक होता, तेवढा त्याने दिला.

त्यांनी हेमंतरावांचं मनगट आपल्या पदराने पुसलं.

“उपास नाही करणार,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवाल तेव्हा जेवेन. तुमच्यासमोर बसून. रोज. शब्द दिला.”

त्यांनी मान हलवली.

*

पुढची एकादशी गुरुवारी आली. पद्मजाबाई नेहमीसारख्या पहाटेच उठल्या, न्हाल्या, जप केला, दत्ताला तुळस वाहिली. आतल्या खोलीत हेमंतराव कुशीवर वळून शांत झोपले होते. आज एकादशी आहे हे त्यांना आठवणार नव्हतं. दवाखान्यात कुणी काय शब्द दिला, तेही आठवेल की नाही कुणास ठाऊक. पद्मजाबाईंनी उपास धरला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. सकाळची भूक हलकी होती, सवयीची, माहेरच्या माणसासारखी.

सवयीनेच हात वरच्या फळीकडे गेला आणि भगरीचा डबा खाली आला. त्या तो हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग देवघराकडे वळून त्यांनी डोकं टेकवलं. काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही.

भगर पुन्हा वर गेली. त्यांनी परात घेतली, ज्वारीचं पीठ काढलं, दोघांपुरतं, आणि गरम पाणी ओतून ते मळायला बसल्या.